चढणीवरचा लाल दिवा

अर्जुनाला त्या मोटारीचा वीट आला होता. कंटाळा येतो तो चार दिवसांनी जातो. हा वीट होता. सकाळी फडकं घेऊन काच पुसायला उभा राहिला की हातच चालायचा नाही. त्याची बायको दगडाबाई रोज म्हणायची, आवं, मालकाला सांगा दुसरा डायवर बघा म्हणून, आपली मेंढरं काय वाईट व्हती? अर्जुना ऐकून घ्यायचा आणि चावी घेऊन मालकांच्या दारात जाऊन उभा राहायचा. सोडून जाता आलं असतं तर तो केव्हाच गेला असता. पण जाणार कसा? मालकांच्या आईसाब गेल्या त्या दिवशी रस्त्यात गाडी उभी करून बसलेला माणूस तो. त्या दिवसाचा निकाल लागल्याशिवाय गाव सोडलं असतं, तर लोक म्हणाले असते, बघा, पळाला.

मालक म्हणजे लालासाहेब. पलूसच्या शिवेला लागून त्यांचा ऊस. उमेदीची वर्षं फौजेत काढली, तिथंही गाड्यांच्याच तळावर होते. सुभेदार होऊन घरी आले आणि येताना सगळी शिस्त बरोबर घेऊन आले. मोटार मात्र त्यांनी जुनी घेतली. काळी, रुंद, चार मालकांच्या हाताखालून आलेली. अर्जुना मूळचा आटपाडीकडचा, कोरड्या मुलखातला धनगर. बाप जन्मभर मेंढरांमागं फिरला. हा ट्रकवर क्लीनर म्हणून चढला आणि डायवर होऊन उतरला.

लालासाहेबांनी त्याला कामावर घेतलं त्या दिवशी दुसरं काही सांगायच्या आधी मीटरशेजारचा लाल दिवा दाखवला. हा इंजिनातल्या तेलाचा. चावी फिरवली की लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो. पण चालत्या गाडीत लागला, तर इंजिनाला तेल पोचत नाही असं समजायचं आणि गाडी जागच्या जागी बंद करायची. आत कलेक्टर बसलेला असो नाहीतर मी.

"इचार करायचा न्हाई," ते म्हणाले होते. "ऑर्डर म्हंजे ऑर्डर."

अर्जुनाला ते पटलं होतं. खंडाळ्याच्या घाटात एका ट्रकवाल्यानं असा दिवा लागलेला असताना गाडी पुढं दामटली होती. इंजिन आवळून बसलं ते बसलंच. अर्जुना तेव्हा त्याच ट्रकवर क्लीनर होता. इंजिन मरतानाचा तो आवाज त्याच्या कानातून कधी गेला नाही.

आणि मग तो दिवस आला. दिवाळी होऊन तीन-साडेतीन आठवडे झाले होते, कारखान्याची धुराडी पेटली होती. लालासाहेब कामासाठी एस.टी.नं साताऱ्याला गेले होते. दुपारची जेवणं आटोपली आणि त्यांच्या आई, अंबूबाई, छातीला हात लावून माजघरातच बसल्या. गावाला त्या आईसाब, सुनेला आत्याबाई. घामानं लुगडं भिजलं. लालासाहेबांच्या बायकोनं, चंद्राबाईनं, त्यांना आडवं केलं आणि अर्जुनाला हाक मारली. म्हातारीला हलवायचं धाडस कुणाला होईना. विट्याचे डॉक्टर घरच्या ओळखीचे, त्यांना घेऊन या, उभ्या उभ्या घेऊन या, असं तिनं सांगितलं आणि अर्जुना निघाला.

विट्याच्या वाटेवर जी चढण आहे ना, तिच्या मध्यावर दिवा लागला. लालभडक. अर्जुनानं क्षणभरही विचार केला नाही. करायचाच नाही असं ठरलेलं होतं. गाडी कडेला घेतली, बंद केली, बॉनेट उघडून तेलाची पट्टी ओढून बघितली. तेल होतं. भरपूर होतं. पण तेल असलं म्हणजे ते वर चढतंय असं थोडंच आहे? खंडाळ्याच्या ट्रकातही तेल होतंच की. त्यानं इंजिन निवू दिलं, पुन्हा सुरू केलं. दिवा तसाच. पुन्हा बंद केलं. रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. एक बैलगाडी गेली, एक सायकलवाला गेला. अर्जुना एकदा रस्त्याकडं बघायचा, एकदा दिव्याकडं, आणि आईसाबांचा घामानं डबडबलेला चेहरा त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. शेवटी वैतागून त्यानं बॉनेट दाणकन आपटलं, शिवी हासडली आणि चावी फिरवली. दिवा विझला. का विझला, देव जाणे.

डॉक्टरांना घेऊन तो परत आला तेव्हा अंगणातूनच रडं ऐकू आलं. डॉक्टरांनी नाडी बघितली, चष्मा काढला आणि जाता जाता म्हणाले, जरा आधी आलो असतो तर काहीतरी करता आलं असतं. अशी वाक्यं डॉक्टर लोक बोलून जातात आणि आपली बॅग उचलून घरी जातात. ज्यांना ती ऐकावी लागतात, त्यांचं काय होतं, हे बघायला कोण थांबतंय?

लालासाहेब संध्याकाळी आले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. तो केला असता तर अर्जुनाला बरं वाटलं असतं. तेरावा झाला, पाहुणे पांगले, तेव्हा त्यांनी त्याला सोप्यात बोलावून घेतलं. काय झालं, कुठं झालं, सगळं नीट विचारलं.

"दिवा खरा व्हता का खोटा?" ते म्हणाले. "मला एवढंच पायजे, अर्जुना. दुसरं काय नगं."

खरा असला, म्हणजे तेल खरंच चढत नसलं, तर गाडी थांबवली ते बरोबर होतं. पुढं नेली असती तर इंजिन आवळून गाडी चढणीवरच बसली असती आणि डॉक्टर आलेच नसते. खोटा असला तर अर्जुना त्या चढणीवर उगीच बसून राहिला, आणि तिकडं म्हातारी गेली. एवढा साधा हिशेब. त्या दिवसापासून अर्जुना फक्त एकच मागत होता, देवा, दिवा खरा निघू दे.

दिवा काही सुखासुखी सांगणार नव्हता. आठ-आठ दिवस लागायचा नाही. मग एखाद्या खड्ड्यात, एखाद्या चढाला लागायचा आणि थोड्या वेळानं पुन्हा चावी फिरवली की गेलेला असायचा. लालासाहेबांनीही एकदा बघितला, कारखान्याच्या गाडीवाटेवर. त्यांनी आपल्याच ऑर्डरप्रमाणे गाडी बंद करायला लावली, स्वतः उतरून पट्टी बघितली, आणि उसाच्या गाड्या मागं खोळंबल्या तरी बॉनेटमध्ये बघत उभे राहिले. काही कळलं नाही. त्यांनाही नाही, अर्जुनालाही नाही.

गावानं मात्र केव्हाच निकाल लावून टाकला होता. डायवर झाडाखाली झोपला आणि आता दिव्यावर ढकलतोय. गावाला काय, जिभेला हाड नसतं. पिठाच्या गिरणीत दगडाबाई दळण घेऊन गेली की बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या. चंद्राबाई अर्जुनाशी कामापुरतंही धड बोलेनाशी झाली. पूर्वी दुपारचा चहा ती आतून पाठवायची, तो बंद झाला. अर्जुनानं कधी विषय काढला नाही. चहाचं काय एवढं, घरी मिळतो की. पण मनाला लागायचं ते लागायचंच.

लालासाहेबांनी मोटार आधी पलूसच्या मिस्त्रीला दाखवली. त्यानं बल्ब बदलला आणि झालं म्हणून सांगितलं. चार दिवसांत दिवा पुन्हा लागला. मग सांगलीला नेली. तिथल्या मिस्त्रीनं तेल बदललं, दिव्याची तार या टोकापासून त्या टोकापर्यंत हातानं चाचपली, इंजिन सुरू करून अर्धा तास तसंच ठेवलं. दिवा लागेना तो लागेनाच. मिस्त्री म्हणाला, सुभेदार, गाडी ठणठणीत हाय, तुमच्या डायवरचे डोळे तपासा. परतीच्या वाटेवर अर्जुनाला वाटलं, ही गाडी एखाद्या विहिरीत ढकलून द्यावी आणि आपणही मागोमाग जावं.

शेवटचा उपाय म्हणून साताऱ्याचे भाऊसो मिस्त्री उरले होते. पोवई नाक्याच्या पुढं त्यांचं पत्र्याचं गॅरेज. लालासाहेबांबरोबर फौजेत होते, वर्कशॉपमध्ये. आता दमा झाला होता आणि स्वभाव जन्मापासूनच तिरसट. माघ सरत आला असताना एका सकाळी लालासाहेब आणि अर्जुना तिथं पोचले. लालासाहेबांनी सगळी हकिकत सांगितली, म्हातारीची सुद्धा. भाऊसो बशीतला चहा फुरकत ऐकत राहिले. मग म्हणाले, तुमी जावा. नानासोच्या घरी जेवा, आराम करा. मालक उरावर उभा असला की माझा हात चालत न्हाई. नानासो हा त्यांचा तिसरा सोबती, शनवार पेठेत राहायचा. लालासाहेब निमूट गेले.

मग भाऊसोंनी अर्जुनाला समोर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. कवा लागतो? चढाला. खड्ड्यात. गरम झाल्यावर का थंड असताना? दोन्हीला. पूर्वी कवा लागत व्हता? आईसाब जायच्या आधी एक-दोनदा चमकून गेला होता, अर्जुनानं लक्ष दिलं नव्हतं. आणि आता? आता जास्त. अर्जुना जरा चाचरला, मग म्हणाला की पहिल्यांदा तो अवसेच्या आगंमागंच लागायचा, आता कवाबी लागतो. भाऊसोंनी त्याच्याकडं असं बघितलं की त्याला बोललो ते उगीच असं झालं.

"दिव्याला अवस कळती व्हय रं?" ते म्हणाले. "चल, गाडी काढ. घाटात जाऊ."

यवतेश्वराच्या घाटाला लागेपर्यंत काही झालं नाही. तिसऱ्या वळणावर रस्ता उखडलेला होता. गाडीनं दोन गचके खाल्ले आणि लाल दिवा लागला. अर्जुनाचा हात आपसूक चावीकडं गेला. भाऊसोंनी तो मनगटाला धरला.

"बंद करू नगंस."

अर्जुनानं गाडी कडेला घेतली, पण इंजिन चालूच. इतक्या दिवसांत दिवा लागलेला असताना इंजिनचा आवाज त्यानं कधी कान देऊन ऐकलाच नव्हता. ऐकायच्या आतच तो बंद करत आला होता. आता ऐकला. इंजिन आपलं नेहमीसारखं धडधडत होतं. खंडाळ्याच्या ट्रकासारखी ठोकर नाही, की करकर नाही. अर्जुनाला तेव्हाच अर्धं उत्तर मिळालं होतं.

भाऊसो खोकत खोकत खाली उतरले. सगळे लेकाचे चालत्या इंजिनचा रोग बंद इंजिनात शोधतात, असं काहीतरी पुटपुटत त्यांनी बॉनेट उचललं आणि वाकून बघत राहिले. बराच वेळ बघितलं. हात मात्र कुठंच लावला नाही. मग अर्जुनाला खुणेनं बोलावलं.

इंजिनच्या कुशीला पितळेचा एक लहान स्विच असतो. तेलाचा दाब तो ओळखतो. त्याच्या टोकावरून एकच तार पुढं दिव्याकडं जाते. त्या टोकाला कुठूनही इंजिनचं लोखंड टेकलं की पुढं दिवा लागतो, मग तेलाचा दाब कितीही असो. टोकावर रबराची टोपी असते. या गाडीची ती कधीच झिजून पडली होती. आणि त्या टोकाच्या अगदी वर, एका बोल्टाला बांधलेली, लोंबत होती एक माळ. वाळून कोळसा झालेलं लिंबू, बिब्बा, चार मिरच्या आणि लाल फडक्याची इवलीशी पुडी. लोखंडी तारेत ओवलेली. इंजिनच्या हादऱ्यानं ती नाचत होती, आणि तारेचं खालचं टोक स्विचला जाऊन चिकटलं होतं.

"हे कुणी बांधलं?" भाऊसोंनी विचारलं.

"आईसाबांनी," अर्जुना म्हणाला. मग थांबला. "म्हंजे, ओवलं त्यांनी. बांधलं मी."

दर अवसेला म्हातारी ती माळ करायची. पुडीत औंधच्या यमाईचा अंगारा असायचा. आधी माळ पुढं बंपरला बांधत, पण उसाच्या गाड्यांची बैलं तिला तोंड लावायची, कारखान्यावर पोरं मिरच्या ओढायची. म्हणून आईसाबांनी ती आत बांधायला सांगितली. इंजिनच्या उष्णतेनं दोरा करपला, तेव्हा अर्जुनानंच सुचवलं की तारेत ओवा. त्या ओवायच्या आणि त्याच्या हातात द्यायच्या. मोटारीसाठी नव्हे, हेही त्या सांगायच्या. एकटा जातोस पोरा, रानावनातनं येतोस, वाटंवर काय काय असतंय. अर्जुनाच्या स्वतःच्या आईनं त्याच्यासाठी कधी एवढं केलं नव्हतं. मेंढरांमागं फिरणाऱ्या बाईला सवड कुठली?

ताज्या लिंबाला वजन असतं, माळ सरळ लोंबत राहायची. महिनाअखेर लिंबू वाळून हलकं झालं की तार गचक्याला उसळायची. नवीन माळ आली की दिवा गप्प. आईसाब गेल्या आणि माळ बदलणारं कुणी उरलं नाही. ती शेवटची माळ त्या बोल्टाला तशीच वाळत राहिली होती.

आणि ती काय लपलेली होती? बॉनेट उघडलं की समोरच. पलूसच्या मिस्त्रीनं बघितली, सांगलीच्या मिस्त्रीनं बघितली, लालासाहेबांनी बघितली, अर्जुनानं तर रोज बघितली. पण देवीचा अंगारा असलेल्या माळेला हात कोण लावतो? सगळे तिच्या बाजूनं हात घालून काम करत. सांगलीच्या मिस्त्रीनं तर वाकडी झालेली माळ जाता जाता सरळ करून दिली होती, बरं दिसत नाही म्हणून.

भाऊसोही हात लावायला तयार नव्हते. ते जाऊन डायवरच्या जागी बसले. अर्जुनानं माळेला नमस्कार केला आणि दोन बोटांनी तार उचलली. आतून आवाज आला, गेला. त्यानं तार सोडली. लागला. पुन्हा उचलली, पुन्हा गेला. पुन्हा सोडली, पुन्हा लागला. भाऊसो थांब म्हणेपर्यंत तो तेच करत राहिला. मग इंजिन बंद झालं. घाटात एकदम सामसूम झाली आणि अर्जुना कठड्यावर बसून ढसाढसा रडला. एवढे दिवस तो रडला नव्हता. आता लाज वाटली नाही.

खोटा होता दिवा. इंजिन अगदी ठणठणीत होतं. अर्जुना थेट विट्याला जाऊन आला असता. म्हातारीनं त्याचा जीव जपायला माळ ओवली, त्यानं आपल्या हातानं ती बांधली, आणि त्या माळेनं डॉक्टरला वाटेत अडवून धरलं. कुणाला दोष द्यायचा? कुणालाच देता येत नव्हता, आणि तेच जास्त जाचत होतं.

भाऊसोंनी खोकला थांबू दिला. मग त्यांनी सांगितलं, नेहमीपेक्षा मऊ आवाजात.

"मालकाला काय सांगायचं ते तू ठरीव. मी मधी पडणार न्हाई. तू जे सांगशील, त्याला मी न्हाई म्हणणार न्हाई."

अर्जुनानं माळ बोल्टावरून सोडवून घेतली. अंगाऱ्याची माळ कुठंही टाकत नाहीत. घाट उतरल्यावर ओढ्याला पाणी होतं, त्यात ती सोडली आणि हात जोडले. गॅरेजला पोचेपर्यंत त्यानं मनाशी ठरवलं होतं. माळेचं नाव काढायचं नाही, आईसाबांना त्यात ओढायचं नाही. तार घासत होती, दिवा खोटा होता, एवढंच सांगायचं. मग मालक काय करायचं ते करतील. चावी घेतील. घेऊ देत. गाव थुंकेल, थुंकू दे. निकाल लागला की आटपाडीला जाता येईल, मेंढरांमागं चालता येईल. मेंढरांना दिवे नसतात. एवढा थकवा त्याला आला होता की शिक्षेची सुद्धा वाट बघावीशी वाटत होती.

लालासाहेब उन्हं कलताना आले. जेवून आराम करून आलेला माणूस असा दिसत नाही. डोळे खोल गेलेले, दाढीचे खुंट पांढरे. अर्जुनानं इतक्या दिवसांत त्यांच्याकडं नीट बघितलंच नव्हतं; मान वर करायची हिंमत कुणाला होती? त्यांनी भाऊसोंना विचारलं, सापडलं का? भाऊसोंनी हात पुसत अर्जुनाकडं बोट केलं. त्याला इचारा, त्यानंच सापडीवलं.

अर्जुनानं तोंड उघडलं, पण लालासाहेबांनी हात वर केला.

"थांब. आधी माझं ऐक, मग सांग," ते म्हणाले. "गाव तुला बोलतंय ते मला ठावं हाय. मी कुणाला गप केलं न्हाई, ते माझं चुकलं. पण तुला मी कवाच दोषी धरलं न्हाई, अर्जुना. तू माझी ऑर्डर पाळलीस. इचार करायचा न्हाई, हे माझंच बोलणं. दिवा खोटा निघाला तर माझ्या आईला माझ्याच तोंडानं मारलं, असं व्हतंय. तवापासनं मला झोप न्हाई. आता सांग. जे असंल ते सांग."

आणि अर्जुनाला कळलं. एवढे दिवस त्याला वाटत होतं की मालक गावोगावच्या मिस्त्रींपुढं त्याची चौकशी चालवतायत. ते चौकशी चालवत होते स्वतःची. दोघंही एकाच चढणीवर बसून राहिले होते, आणि दोघांनाही एकच उत्तर हवं होतं, दिवा खरा होता. ते उत्तर खोटं होतं, हे आता फक्त अर्जुनाला ठाऊक होतं, आणि भाऊसोंना.

त्यानं जमिनीकडं बघितलं. मग मालकांच्या डोळ्यांत बघून बोलला.

"खरा व्हता, मालक. तेलाच्या पंपाच्या जाळीत घाण बसत व्हती. मधनंच तेल चढायचं थांबायचं. म्हाताऱ्या इंजिनात व्हतंय तसं."

लालासाहेबांनी भाऊसोंकडं बघितलं. भाऊसो म्हणाले, साफ केली जाळी. आता काळजी न्हाई.

लालासाहेब तिथंच टायरांच्या ढिगावर बसले. मग अर्जुनाच्या खांद्यावर हात ठेवून ते उठले आणि म्हणाले, म्हंजे पुढं नेली असतीस तर इंजिन गेलं असतं, डॉक्टर आलाच नसता. तू बराबर केलंस. अर्जुना व्हय म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

परतीच्या वाटेवर लालासाहेब पुढच्या सीटवर बसले आणि कराड यायच्या आत झोपले. तोंड उघडं, मान कलंडलेली, घोरत. अर्जुनानं खड्डे चुकवत, हळू गाडी नेली. दिवा लागला नाही. आता तो कधीच लागणार नव्हता. निघण्यापूर्वी मालक आणखी एक गोष्ट बोलले होते, ती त्याच्या डोक्यातून जात नव्हती. उद्या चावडीवर सगळ्यांना सांगतो, म्हणाले होते, आणि मी हाय तवर ही चावी तुझ्याच हातात. आटपाडी गेली, मेंढरंही गेली. एक शब्द खरा बोलला असता तर तो सुटला असता. आता जन्मभर ही काच पुसायची आणि ही मोटार चालवायची, आणि लोक चांगलं म्हणतील ते ऐकून घ्यायचं.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. लालासाहेब गाडीतून उतरले ते थेट दारात, आणि उंबऱ्यावर उभ्या असलेल्या चंद्राबाईला त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं. दिवा खरा व्हता. बोलताना आवाज भरून आला, पण चेहरा मोकळा झालेला दिसत होता. चंद्राबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि आत गेली.

अर्जुना गाडी लावून चावी खुंटीला अडकवायला सोप्यात आला, तेव्हा ती चहा घेऊन उभी होती. घरच्या कपबशीत. तिनं तो त्याच्या हातात दिला आणि खाली बघत म्हणाली की आमी उगंच मनात आणलं, ते इसरा. अर्जुना म्हणाला, तसं काय न्हाई वहिनीसाब. ती जायला वळली, पुन्हा थांबली.

"आत्याबाई म्हणायच्याच," ती म्हणाली. "सगळी खोटं बोलतील, पर अर्जुना न्हाई बोलायचा."

आतून लालासाहेबांनी जेवायला वाढ म्हणून हाक दिली. कित्येक दिवसांनी ते जेवायला मागत होते. अर्जुना सोप्याच्या कडेला टेकला आणि बशीत चहा ओतून, मान खाली घालून, सगळा प्याला.